कृष्णाकाठाने, सायकलवरून

"सायकल चालवता येते का?" असं विचारलं तर आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतील, "येत होती." शाळेत येत होती, कॉलेजला जाताना येत होती, लग्न ठरेपर्यंत येत होती. मग ती सायकल धाकट्या भावाकडे गेली, नाहीतर माळ्यावर चढली, आणि आपण 'येत होती'त जाऊन बसलो. मैत्रिणींनो, सायकल चालवणं विसरता येत नाही. सराव जातो, मांड्या दुखतात, पहिल्या दिवशी हँडल थोडं थरथरतं, एवढंच. आठवडाभर रोज सकाळी अर्धा तास घराभोवती चकरा मारा, म्हणजे मी पुढे सांगते आहे तो प्रवास तुम्हाला सहज झेपेल.

प्रवास दोन दिवसांचा आहे. एकाच नदीच्या काठाने जायचे आहे. सातारा जिल्ह्यातील वाईपासून निघायचे, पहिल्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला मेणवली आणि धोम पाहून मुक्कामाला परत वाईला यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ओघाबरोबर खाली उतरत लिंब गावची विहीर पाहून माहुलीच्या संगमावर थांबायचे. पहिल्या दिवशी वीसेक किलोमीटर होतात, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुपटीच्या आत. आकडे ऐकून घाबरू नका. सकाळी साताला निघालेली बाई रमतगमत, फोटो काढत, चहा घेत गेली तरी ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता मागे टाकते.

तुम्ही म्हणाल, वाई तर आम्ही दहा वेळा पाहिली आहे. पाहिली आहे खरी, पण महाबळेश्वरला जाताना! मोटार उभी करायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, मुलांना घाईघाईने परत गाडीत कोंबायचे आणि पसरणीच्या घाटाला लागायचे. त्यात नदी कुठे दिसते? पुलावरून जाताना उजवीकडे की डावीकडे, एवढंच. सायकलचा वेग फार सोयीचा असतो. पायी निघालो तर एका दिवसात मेणवलीच्या पलीकडे फारसं काही होत नाही, आणि मोटारीतून गेलो तर मेणवली कधी गेली ते कळत नाही. सायकलवर मात्र शेताला सोडलेल्या पाण्याचा वास येतो, बांधावरच्या बाईशी दोन शब्द बोलता येतात, आणि वाटलं तिथे एक पाय टेकवून उभं राहता येतं. त्यासाठी कुणाला "जरा गाडी थांबवता का?" असं विचारावं लागत नाही. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण एकदा अनुभवून बघा.

आता तयारी. सायकल कुठलीही चालेल. गिअरची असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही, कारण आपण खोऱ्याच्या तळातून जाणार आहोत, डोंगर चढणार नाही. पुण्या-मुंबईहून मोटारीच्या मागच्या कॅरियरवर किंवा तिघी-चौघींनी मिळून केलेल्या टेम्पोतून सायकली नेता येतात. निघण्यापूर्वी दुकानात नेऊन ब्रेक, साखळी आणि दोन्ही टायर बघून घ्या. पंप, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन बरोबर ठेवा, आणि ते लावायचं कसं हे त्याच दुकानदाराकडून एकदा हाताने करून शिकून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे. बटाटेवडे तळण्यापेक्षा सोपं! कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कमीज बरा, पण ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट बांधा. चाकात गेलेली ओढणी ही थट्टेची गोष्ट नाही. डोक्याला हेल्मेट हवेच. बरोबर दशम्या घ्या. दुधात भिजवलेल्या, थोडा गूळ घातलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. कोरडी लसणाची चटणी, शेंगदाणे-गूळ, आणि पाण्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू. थंडीचे दिवस निवडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नदीला पाणी असते आणि उन्हाचा चटका नसतो.

घरची तयारी मी सांगत नाही, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येते. एवढंच म्हणते की मुलांची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, गॅसचा नंबर, कामवालीची सुट्टी हे सगळं संपेल आणि मग मी जाईन, असं ठरवू नका. ते संपत नाही. दोन दिवस घर चालतं. वरण जरा पातळ होतं, एवढंच.

वाईला पोचलात की पहिल्यांदा गावाचा बेत लक्षात घ्या. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगरावरून खाली उतरून या खोऱ्यात येते. एका बाजूला पाचगणीच्या टेबललँडची सपाट माथ्याची रांग, दुसऱ्या बाजूला मांढरदेवचे डोंगर, आणि मधल्या सपाटीवर नदी, ऊस आणि हळद. गावामागे पांडवगड उभा आहे, खाली वैराटगड, वर धोमच्या पाण्यापलीकडे कमळगड. सायकलवर दिवसभर हे गड जागा बदलत राहतात. वळण घेतलं की डावीकडचा डोंगर उजवीकडे येतो, आणि नदी केवढी वळणं घेते आहे ते आपल्याला डोंगरांवरून कळतं.

वाईचे घाट म्हणजे नदीकाठच्या आळ्यांची अंगणेच. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी त्यांची नावे. हिवाळ्याच्या अखेरीला प्रत्येक घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला बाई म्हणायचं, तिची मूर्ती मांडवात बसवायची, तिला साडी नेसवायची, तिची ओटी भरायची आणि हजारो माणसांना तिच्या नावाने जेवू घालायचं! या उत्सवाची सुरुवात अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून झाली असे सांगतात. खान विजापूरकरांचा वाईचा सुभेदार होता, तेव्हा इथल्या माणसांची धास्ती समजण्यासारखी आहे. उत्सवाच्या दिवसांत गेलात तर जेवणाची चिंता नाही.

ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. मूर्ती एकाच दगडातली आहे. दर्शन झालं की लगेच वळू नका, देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचे पाणी येऊन त्या टोकाला दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते, देवळाला धक्का लागत नाही. नदीशी भांडण न करता तिला वाट करून देणारा तो गवंडी कोण होता, त्याचं नाव कुठे नाही. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, आनंदराव रास्त्यांनी बांधलेले. तिथला काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत आहे की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांच्या माहेरची माणसे. तीन मुलगे, विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव; तिघांचेही मृत्यू या आईने पाहिले. वाईच्या घाटावर तिच्या भावांची नावे आहेत. तिचे नाव आपणच आठवायचे.

गाव सोडण्यापूर्वी आणखी एक. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी या लहानशा गावात बसून उभे केले. पहिला खंड १९७६ साली निघाला. मुलांच्या शाळेच्या ग्रंथालयात ते जाडजूड खंड तुम्ही पाहिले असतील.

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. घाम येण्याआधीच पोचतो. इथे मात्र घाई करायची नाही. मी तर म्हणेन, दुपारच्या दशम्या इथेच सोडा.

मेणवली हे गाव १७६८ साली नाना फडणीसांना इनाम मिळाले आणि त्यांनी इथे वाडा, घाट आणि देवळे बांधली. वाडा सहा चौकांचा आहे. तो खाजगी मालकीचा आहे, तेव्हा दारात विचारून, जे काही शुल्क असेल ते देऊन आत जा. आत गेलं की पहिल्यांदा भिंतींची जाडी जाणवते, मग गारवा. लाकडी खांब, कडीपाट, अरुंद जिने, भिंतींवरची पुसट होत चाललेली चित्रं. मागच्या बाजूने बाहेर पडलं की पायऱ्या उतरत थेट नदीवर. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटातले चरणपूर ते हेच. चित्रपटामुळे माणसे इथे येऊ लागली हे चांगलेच झाले, पण बहुतेकजण घाटावर उभे राहून फोटो काढतात आणि जातात. घाट अर्धचंद्राकृती आहे, आणि नदीचं वळण आणि दगडाचं वळण एकमेकांत बसलेलं आहे. पायरीवर बसलं तरच ते दिसतं.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका लहानशा दगडी घुमटीत भली मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन नीट पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला अशी एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, आणि ही इथली. नानांचा तर जन्मच १७४२ चा, म्हणजे लढाईची ही आठवण त्यांच्याकडे मागाहून आली. युद्धातली लूट म्हणा हवं तर, पण कडेवर मूल घेतलेली ती बाई अडीचशेहून अधिक वर्षे कृष्णेकडे बघत उभी आहे, आणि गावातल्या बायका तिच्यासमोरून कळशी, कपड्यांची बादली घेऊन येत-जात राहिल्या. कुणी तिला परकी म्हटलेलं दिसत नाही.

या वाड्यातली आणखी एक बाई मला घंटेपेक्षाही जवळची वाटते. नाना १८०० साली वारले तेव्हा त्यांच्या शेवटच्या पत्नी जिऊबाई अगदी लहान वयाच्या होत्या. नवरा गेला, पेशवाईतलं राजकारण नासलेलं, घरच्या संपत्तीवर सगळ्यांचे डोळे. तिला लोहगडावर आश्रय घ्यावा लागला, पुढे इंग्रजांच्या बंदोबस्तात पनवेलला जावं लागलं, आणि मग ती मेणवलीला येऊन राहिली. नानांची बुद्धी, नानांचे हेर, नानांचे शत्रू हे सगळं आपण शाळेत शिकलो. सहा चौकांच्या या घरात त्यांच्यामागे राहिलेल्या मुलीचं नाव परीक्षेत कधी विचारलं गेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून नदी दिसते. तिथे दोन मिनिटं उभ्या राहा.

मेणवलीहून धोमपर्यंतचा रस्ता म्हणजे या सहलीतला सर्वांत गोड तुकडा. दोन्हीकडे ऊस, मध्येच हळदीचे पट्टे. जानेवारी-फेब्रुवारीत हळद काढणीला येते. मोठ्या काहिलीत ती शिजवायला टाकलेली असली तर अर्ध्या मैलावरून वास येतो. आपण पाकिटातून चमचाभर काढतो ती हळद शिजवावी लागते, वाळवावी लागते, घोळून चकचकीत करावी लागते, हे एकदा मुलींना दाखवायलाच हवं. शेतकऱ्याकडून हळकुंडं मिळाली तर किलोभर घ्या, पण परतीच्या वाटेवर. जाताना ओझं नको.

धोमला नरसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. गंमत आहे ती नंदीची. कमळाच्या आकाराच्या गोल दगडी कुंडात एक कासव, त्याच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव सगळं घेऊन तरंगत निघाल्यासारखं दिसतं. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाला धोम म्हणतात.

गावाच्या वरच्या अंगाला धरण. १९७० नंतरच्या दशकात हे झालं आणि खोऱ्याचं रूप पालटलं. भिंतीवर आणि बंदी असलेल्या भागात जाऊ नका. पाणी लांबूनही पोटभर दिसतं. कमळगडाच्या पायथ्यापर्यंत निळं, शांत. पाहताना छान वाटतं आणि वाटायलाही हवं. पण या पाण्याखाली शेतं आहेत, घरांचे चौथरे आहेत. वरच्या खोऱ्यातल्या कुटुंबांना उठून दुसऱ्या तालुक्यांत जावं लागलं. तिथल्या सासुरवाशिणींचं माहेरच पाण्यात गेलं, त्यांनी दिवाळीला कुठे जायचं? धरणातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. खाली दूरवर त्या पाण्याने ऊस उभा राहिला, साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली, मुलं शिकली. एकाचं गेलं ते दुसऱ्याला मिळालं, आणि हिशेब कुणी नीट मांडला असं मला वाटत नाही. परतताना कालव्याच्या कडेची वाट लागते. पाणी सुटलेलं असेल तर काही अंतर त्याच्या शेजारून सायकल हाका. कालव्यात पाय मात्र घालू नका. काठ सरळ उतरते आणि शेवाळलेले असतात, धरायला काही नसतं.

ज्यांना उत्साह आवरत नाही त्यांनी संध्याकाळी पसरणीपर्यंत जाऊन यावे. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ साली याच गावचा. पसरणीपुढे घाट चढतो तो पाचगणीला. तो सायकलवर चढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांचं कौतुकही केलं आहे. आपण खालूनच बघावा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघा. वाईहून पाचवडला हमरस्ता लागेपर्यंत रस्ता साधा आहे. पुढचे काही किलोमीटर पुणे-सातारा महामार्गाच्या कडेने जावे लागते आणि हा एकच भाग मला आवडत नाही. ट्रक अंगावर आल्यासारखे वाटतात. तेव्हा जिथे बाजूचा सेवारस्ता असेल तिथे तोच धरायचा, एकामागे एक चालायचं, गप्पा बंद. लिंबच्या फाट्याला आत वळलं की पुन्हा शांतता, पुन्हा ऊस, पुन्हा कृष्णा जवळ आलेली.

लिंबजवळच्या शेरी भागातली बारा मोटेची विहीर. रस्त्यावरून काही दिसत नाही. शेतांमधून गेल्यावर जमिनीच्या पातळीला एक दगडी कठडा, आणि मग एकदम पायाखाली केवढं तरी खोल उघडतं. अष्टकोनी विहीर, खोली सुमारे एकशेदहा फूट, रुंदी पन्नासेक फूट. वरून पाहिलं तर सारा आकार शिवलिंगासारखा. एका बाजूने रुंद पायऱ्या उतरतात, कमानीखालून जाऊन आपण पाण्याशी पोचतो, आणि वर पाहिलं की लक्षात येतं, कमानीच्या माथ्यावर चक्क एक छोटासा महाल आहे! कोरीव खांब, बसायला बैठका, खाली पाण्याचा गारवा. उन्हाळ्यात राजघराण्यातली माणसं इथे बसत असतील तर त्यांचा हेवाच वाटतो.

ही विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवली. वीरूबाई शाहू महाराजांच्या घरातल्या, त्यांच्या संसाराची व्यवस्था पाहणाऱ्या. दारावरच्या शिलालेखात त्यांचं नाव कोरलेलं आहे. वाईच्या घाटावर जी जागा भावांनी घेतली, ती इथे एका बाईने घेतली. पाच वर्षं एवढं मोठं काम चालवायचं म्हणजे खाण, गाडे, पाथरवट, गवंडी, त्यांचे पैसे, त्यांचं धान्य, सगळ्याचा हिशेब आला. घर चालवणाऱ्या बाईला हे अवघड जात नाही. संधी मिळत नाही, एवढंच. एकाच वेळी बारा मोटा चालत, बैलांच्या जोड्या उताराने जात-येत, चामड्याच्या मोटा भरून वर येत आणि पाणी आमराईला जाई. मोटा गेल्या. मोटेच्या जागा, दगडी चाकोऱ्या अजून आहेत. कठड्यावर मुलांना चढू देऊ नका आणि तुम्हीही वाकून सेल्फी काढू नका.

लिंबहून माहुली बारा-पंधरा किलोमीटर. माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते. वेण्णाही महाबळेश्वरचीच. एकाच डोंगरावरून निघून दोघी निरनिराळ्या खोऱ्यांनी आल्या आणि इथे भेटल्या. दोन्ही काठांवर काळ्या दगडाची देवळे आहेत, राजघराण्यातल्या समाध्या आहेत. पेशव्याला तोंडावर दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. विश्वेश्वराच्या घाटावर संध्याकाळी गर्दी नसते. पाय पाण्यात सोडा, चटणी-दशमी उरली असेल ती संपवा.

परतीचं सोपं आहे. सातारा रेल्वे स्टेशन गावापासून लांब आणि माहुलीच्या जवळ आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये सायकल सामान म्हणून टाकता येते. गाडी सुटायच्या तासभर आधी पोचा, आणि त्या दिवशी सामान घेतात की नाही हे आधी फोनवर विचारून ठेवा. सायकलला नाव-पत्त्याची चिठ्ठी घट्ट बांधा, हवा थोडी कमी करा. कंदी पेढे मात्र सायकलबरोबर पाठवू नका, हातात ठेवा.